पडताना हात पुढे येतात

आबा, तुमचा नातू पडला आणि पडताना त्याने हात पुढे टाकले नाहीत. सांगायचं एवढंच आहे, पण ते तुम्हाला कळायचं तर मागचं बरंच सांगावं लागेल. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आज मी तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे.

मी कुवेतमध्ये राहते. बनेद अल-गारला, सहाव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत बोटभर समुद्र दिसतो. आज तोही दिसत नाही, सकाळपासून धूळ उठली आहे आणि आभाळाचा रंग कोऱ्या चहासारखा झाला आहे. शुक्रवार, सुट्टी. तुमचा जावई मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आहे, आज त्याची ड्युटी. ओट्यावर तुमच्या कबड्डीच्या बक्षिसाचा स्टीलचा डबा आहे, त्यात मी आमसुलं ठेवते. मी हॉस्पिटलात इको काढते, म्हणजे लोकांच्या छातीवर यंत्राची दांडी टेकवून त्यांचं हृदय पडद्यावर बघते. वीस वर्षं झाली. तुम्ही असतात तर आपल्या पोरीबद्दल म्हणाला असतात, चेडू लोकांच्या काळजात डोकावता आणि पगार घेता.

नातू तुमच्यावर गेला. दाराखालून वाकून आत येतो. इथे तो अमेरिकन शाळेत होता, आणि नववीत असताना तिथल्या कोचने त्याची उंची बघून त्याच्या हातात तो लांबट, दोन्हीकडे टोकं असलेला चेंडू दिला. अमेरिकन फुटबॉल. नावात फुट आहे, पण सगळा खेळ हातांचा आणि खांद्यांचा. तो टाइट एंड झाला. टाइट एंड रांगेच्या टोकाला उभा असतो. निम्मा वेळ अंगावर येणाऱ्या रेड्यांना छातीने अडवायचं आणि निम्मा वेळ त्याच रेड्यांमधून पळत सुटून चेंडू झेलायचा. तुम्ही उजव्या कोपऱ्यावर उभे राहून पकडी करायचात आणि गरज पडली की चढाईलाही जायचात ना, तसंच. या कामात कौतुक कमी. अडवणारा कोणाच्या लक्षात राहतो? पण त्याच खेळावर अमेरिकेतल्या कॉलेजने त्याला फुकट शिकवलं. पुढे मोठ्या लीगच्या निवडीत त्याला कोणी घेतलं नाही, मग एका संघाने सरावापुरता ठेवला, काढला, पुन्हा बोलावला, दुसऱ्याने तीन वेळा काढला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं एक बॅग घेऊन तो गावोगाव फिरला. आता दुसरं वर्ष आहे, एका संघात पक्का आहे, पुढच्या कराराची बोलणी चालली आहेत. मी रात्रपाळी मागून घेते, म्हणजे त्याचे सामने ब्रेकमध्ये मोबाइलवर बघता येतात. एवढा मोठा घोडा, पण त्याला कोणी धडक दिली की माझ्याच बरगड्या दुखतात.

हे सगळं सुरू झालं एका फॉर्मवर. शाळेने खेळाआधी आरोग्याचा फॉर्म पाठवला होता. आबा, आम्ही इथे आलेली माणसं अशा फॉर्मवर एकच गोष्ट लिहायला शिकून आलो. दमा? नाही. साखर? नाही. क्षयरोग घरात कोणाला? नाही. एक ‘हो’ लिहिलं तर इकामा अडकेल, म्हणजे राहायचा परवाना, आणि तो अडकला की नोकरी, घर, शाळा, सगळंच. म्हणून पेन वर न उचलता वरपासून खालपर्यंत ‘नाही’ची उभी रेघ ओढायची. मी तशीच ओढली, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. त्या रेघेखाली एक प्रश्न होता, कुटुंबात पन्नाशीच्या आत कोणी अचानक दगावलं आहे का.

तुम्ही एक्केचाळीस वर्षांचे होता. आदल्या आठवड्यात पाणंदीतून येताना तुम्ही बांधावर बसलात. मी विचारलं तर हसलात. म्हणालात, “छातयेत पाखरू फडफडता गो. आवशीक सांगू नको हां.” मी आईला नाही सांगितलं. आबांचं गुपित मला एकटीला माहीत, याचा केवढा तोरा होता मला! मग अंतिम सामना. शेवटची चढाई तुमची. तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि गर्दीत मला शोधलंत. मला ती नजर कळली होती. नाही कळली असं मी चाळीस वर्षं म्हणत आले, पण कळली होती. आणि मी टाळ्या वाजवल्या. मला डबा हवा होता, पहिल्या नंबरचा, आमच्या आळीत कोणाकडे नसलेला. तुम्ही मधली रेषा ओलांडलीत आणि कोणी शिवायच्या आत पडलात, सरळ, तोंडावर. हात खाली तसेच लोंबत. पडणारा माणूस हात पुढे टाकतो, अगदी रांगतं बाळसुद्धा टाकतं. म्हणजे तुम्ही पडायच्या आधीच गेला होतात.

तेराव्याला तुमच्या संघातली माणसं तो डबा घरी देऊन गेली, आणि आईने मला ओट्याशी घेतलं. “पाय घसारलो, टकली दगडार आपाटली. कोणी इचारला तर इतक्याच सांगूचा. तुझा लगीन होवचा आसा, घराण्यात खोट आसा म्हणतीत.” माझ्या आजोबांचा भाऊ, तुमचा काका, तोसुद्धा नांगर धरल्या धरल्या गेला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं लग्न झालं, चांगल्या घरात झालं, आणि मूठ मी बरोबर घेऊन आले.

फॉर्मची चूक नकळत झाली म्हणते. पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिथल्या डॉक्टरांचा मेल आला. याच्या हृदयाचा मधला पडदा जाड दिसतो. अशा खेळाडूंचा तो व्यायामानेही जाड होतो, तसं असेल तर काळजी नाही. घरात कोणी तरुणपणी गेलं आहे का एवढं कळवा, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. माझाच धंदा हा, आबा. त्या प्रश्नाचा अर्थ दुसऱ्या कोणाला नाही, पण मला कळत होता. मी आईचंच वाक्य इंग्रजीत लिहिलं. याचे आजोबा अपघाताने वारले, डोक्याला मार लागून. पोरगा खेळत राहिला.

गेल्या रविवारचा सामना. एरवी तो पडतो तेव्हा हातात चेंडू असतो, छातीशी घट्ट धरलेला, म्हणून हात पुढे येतच नाहीत, आणि दर वेळी माझा जीव जातो आणि दर वेळी मी स्वतःला समजावते. या वेळी चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. हा मोकळा पळत होता, आसपास कोणी नाही. आणि तो सरळ तोंडावर पडला. हात लोंबत. दोन श्वासांनी उठला आणि अंगठा दाखवला. सामना संपल्यावर फोनवर म्हणाला, “इट्स नथिंग, आई. चेस्टमध्ये समथिंग फ्लटर्ड, दॅट्स ऑल. डोन्ट टेल बाबा, ओके?” आवाजात हसू होतं. तुमचंच.

पुढच्या पाळीला जेवणाच्या सुट्टीत मी इकोच्या खोलीचं दार आतून लावलं, दांडी स्वतःच्या छातीवर टेकवली आणि माझा पडदा मोजला. तीनदा मोजला. तो जाड आहे, आणि मी आयुष्यात कुठलाच खेळ खेळलेले नाही.

आज दुपारी मी त्याच्या संघाच्या डॉक्टरांना लिहिलं. तुमची नजर, पाखरू, लोंबते हात, आजोबांचा भाऊ, माझं माप, कॉलेजला मारलेली थाप, सगळं. आणि पाठवलं. त्याला न विचारता. हे वाचल्यावर त्याला कोणी मैदानावर उभा करणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्यांनी ते वाचलं की नाही, हे मला माहीत नाही. आता इथे पाच वाजलेत, तिथे सकाळचे नऊ. तासाभरात सराव आहे.

फोन वाजतोय. दर शुक्रवारी सरावाआधी तो याच वेळी करतो, म्हणजे बहुधा त्याला अजून काही कळलेलं नाही. तिसऱ्यांदा वाजतोय आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे. हे पत्र घडी करून तुमच्या डब्यात जाईल, आमसुलांखाली. त्याच्या रागाला मी भीत नाही, आबा. पण मी फोन उचलला आणि तो एकदा जरी “आई, प्लीज” म्हणाला, तर मी डॉक्टरांना लिहिलेलं मागे घेईन आणि पुन्हा टाळ्या वाजवीन.