बांधाकडची पऱ्हाटी

प्रिय तेजस,

फोनवर आपलं बोलणं जेवलास का, जेवलीस का यापुढे सरकत नाही, म्हणून लिहायला बसले. धुळ्याची खोली कशी आहे? स्वतः काही रांधतोस की डब्यावरच भागवतोस? बदली तू मागून घेतलीस हे मला माहीत आहे, तेव्हा त्यावर काही विचारत नाही.

इकडे जळगावात प्रयोगशाळेचं काम तेच. तुझ्या आबांच्या एरंडोलच्या शेतातली कापसाची पऱ्हाटी आणायची, यंत्रात तिचे बारीक तुकडे करायचे, मापं घ्यायची आणि चुन्यात कालवून भिंतीसाठी विटा पाडायच्या. काटक्यांची कुंडली मांडते, असं तू सगळ्यांना सांगायचास. आमच्या नव्या स्वप्नीलने परवा नुसत्या चाळणीवर भिस्त ठेवली. लांब, बारीक तुकडे भोकांतून उभे निसटतात आणि खाली आखूड तुकड्यांत जाऊन बसतात. चाळणीला त्यांची लांबी कळतच नाही. विटेची ताकद तर लांबी-रुंदीवरच ठरते. मग मी त्याला काळ्या कापडावर एकेक तुकडा सुटा मांडायला लावला, फोटो घेतले, संगणकावर प्रत्येकाचं माप काढायला लावलं. बिचारा रडकुंडीला आला. मी हल्ली फार खेकसते म्हणे. खेकसते खरी.

त्याच दिवशी आबांचा ट्रॅक्टर आला. फोनवर मोठ्या कौतुकाने म्हणाले, "बेटा, बठ्ठी पऱ्हाटी धाडी शे, बांधकडनी बी." सगळी धाडली, बांधाकडचीसुद्धा. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून यंत्र बंद आहे. स्वप्नीलला वाटतं, पातं बिघडलंय.

आपल्या मुलीला तू आणि आबा शेतावर घेऊन गेलात, तेव्हा मी दवाखान्यात टाक्यांनी पडून होते. उठता आलं असतं तरी कुणी नेलं नसतं. बायकांनी मातीला जायचं नसतं, असं आई म्हणाली. बांधाशी ठेवलं, एवढंच मला कळलं. शेताला चारी बाजूंनी बांध आहे, तेजस. कुठला, ते तू सांगितलं नाहीस. न बोलल्याने मी लवकर सावरेन असं तुला वाटलं असेल. मला तुझा राग आला, अजून येतो. दिवसभर काटक्यांची लांबी मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकीची लांबी माहीत नाही. तू तिला हातात घेतलंस. मला तिचा चेहराही धड आठवत नाही.

आता हे सगळे भारे भिंतीशी रचलेत आणि त्यातला कुठला तिच्या उशाशी वाढला, हे मला ओळखता येत नाही. सोमवारी यंत्र सुरू करावंच लागेल, ते मी करीनही, पऱ्हाटीसाठी काही अडवून ठेवणार नाही. पण त्याआधी रविवारी तू एरंडोलला ये आणि मला ती जागा दाखव. आबा नको म्हणाले तर तूच त्यांना समजाव. पूजा नको, फुलं नकोत, तू काही बोलला नाहीस तरी चालेल. मला फक्त तिच्याजवळ बसायचं आहे. मी अजून एकदाही बसलेली नाही.

तुझीच,
चारुलता