खुर्ची, भिंग आणि पाणबुडीवरचा कॅमेरा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे व घरचा हिशेब ठेवणे, देवाला स्मरून आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझे पती याबद्दल शंका घेतात, पण ती फक्त मी त्यांना कॅमेरा घेऊ देत नाही तेव्हा. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. काळजीचं कारण बाहेरच्या खोलीत संगणकासमोर बसलेलं असतं, ते त्यांनी पाहिलेलं नाही.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा पतींना, त्यांच्या पश्चात मुलाला. मुलाने बाल्कनीला काचा लावून खोली करू नये. कपडे काय डोक्यावर वाळवणार?

२. माझ्या बांगड्या व साखळी सुनेला. प्रार्थनेच्या खोलीतला पितळी दिवाही तिलाच. तो पावडरीने घासू नये. रोज पुसून पुसून तो फक्त अंगठा टेकतो तिथे झिजला आहे, तसाच राहू द्यावा. पुढे त्याचं काम आहे.

३. बँकेतली ठेव पतींना. तिच्या व्याजातून त्यांनी जुने लष्करी कॅमेरे खुशाल घ्यावेत. त्यांना दुसरं व्यसन नाही, आणि या वयात नवं लावून घेण्यापेक्षा हे बरं. मात्र ऑनलाइन पैसे भरण्याआधी कलम चार वाचावे. मोठ्याने.

४. सोनेरी मुलामा दिसला की पुढे जावे. गोळ्या चुकवणारा माणूस गळ्यात चमकणारी वस्तू बांधत नाही. रंग सगळीकडे सारखाच खरवडलेला असेल तर तो सैनिकाने नव्हे, पॉलिश पेपरने वापरलेला आहे. झीज बोट लागतं तिथे हवी, पट्टा घासतो तिथे हवी. दिवा आठवावा. लष्कराची कोरलेली खूण भिंगातून बघावी: कडा मळलेल्या हव्यात. जुना रंग कापून आत कोरा धातू लखलखत असेल तर ते युद्ध गेल्या वर्षी झालेलं आहे. क्रमांक त्या सालच्या यादीत बसतो का पाहावे. पुढची लेन्स काढून आतला फोटो मागावा. यांना आवडतो त्या कॅमेऱ्यात आतल्या दांडीला गोल चाक असतं, नकलेत बहुधा चपटी पाचर. विक्रेता आतला फोटो देईना तर त्याला नमस्कार करावा. ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडला’ असे लिहिले असेल तर त्याच्याकडच्या बाकीच्या वस्तूही बघाव्यात. एकाचे सहा आजोबा निघाले होते, सहाही पाणबुडीवर.

५. त्यातल्याच एका आजोबांचा सोनेरी कॅमेरा आमच्या कपाटात आहे. यांनी तो स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात मोठ्या हौसेने सगळ्यांना दाखवला. माझ्या नणंदेचं, म्हणजे वन्संचं, सारं आयुष्य बक्षिसांच्या कपांवर नावं कोरण्यात गेलं. त्यांनी तो हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “दादा, हे तर आमच्या मशीनचं अक्षर दिसतंय.” हशा पिकला. तेव्हापासून भावाने बहिणीशी बोलणं टाकलं. मला सांगताना ‘तुझी नणंद’ म्हणतात, जणू त्यांची कोणीच नाही. आणि दर वेळी नवा कॅमेरा पाहताना सगळ्यात आधी अक्षरं बघतात. शिकवण ठेवून घेतली, शिकवणारी तेवढी परत पाठवली. हा कॅमेरा पतींनाच. त्यांनी तो दर्शनी भागात ठेवावा.

६. माझं भिंग, टॉर्च आणि संगणकाशेजारची माझी खुर्ची वन्संना. त्यांनी होकार दिल्याशिवाय ठेवीच्या व्याजातून एकही कॅमेरा घेऊ नये. हे कलम ऐकून पती म्हणाले, त्यापेक्षा मी कॅमेरेच घेणार नाही. मी पेन पुढे केलं, म्हटलं लिहून द्या, कलम खोडते. पेन घेतलं नाही. वन्संना फोन केला तर त्यांचंही तेच: आधी त्याला बोलू दे. भावंडं खरी, तिथे नक्कल नाही.

मी या दोघांना असं सोडून गेले तर हे एकटे बसून फसतील आणि कोणाला सांगणारही नाहीत. माझा जीव अडकलाय तो एवढ्यातच.

७. वरील मजकूर आज दुपारी पक्का करत असताना बाहेरून विचारणा झाली, तुझ्या नणंदेचा नंबर तोच आहे का? मी म्हटलं, तुमच्याच फोनमध्ये बघा. होता. इतकी वर्षं पुसला नव्हता. मग स्पीकरवर फोन लावला; ना कशी आहेस, ना काही.

“छोटे, एक फोटो पाठवलाय. अक्षरं बघ.”

मग वन्सं म्हणाल्या, “अक्षरं राहू दे दादा. आतला फोटो मागितलास का?”

मागितला नव्हता. त्यावरून दोघं अजून भांडत आहेत, आणि वन्सं रिक्षात बसून इकडे निघाल्या आहेत.

सबब कलम सहा माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू करते. मात्र खुर्ची वगळून. दवाखान्यातून परत आले तर तिथे मी बसणार. वन्संसाठी नवी खुर्ची मागवू नये, स्वयंपाकघरातलं स्टूल चांगलं मजबूत आहे.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये म्हणतात, म्हणून माझ्याकडून काहीही न मिळणारे दोन सज्जन बोलावले आहेत. त्यांना चहा मिळेल.

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे घड्याळजी (सही)

लिहून ठेवणारी: (सही)
स्थळ: राहते घर, आतली खोली. बाहेर बोलणं चालू आहे.
दिनांक: ९ सप्टेंबर २०२४, सोमवार