तिसरी चढली

सोमवार, ४ मार्च
औषधाच्या चाचणीसाठी दाखल झालो. पलंग, टेबल, खिडकी — जाळी घट्ट! दर सोमवारी एक कॅप्सूल. मन उल्हसित करणारं नवं औषध आलंय. त्याचं व्यसन लागतं का, हे जुन्या नशेच्या औषधांशी ताडून बघणार. कधी कोणती, ते सांगणार नाहीत. त्यांना जुना शौकीन हवा होता. ट्रकवर जागरणाच्या गोळ्या, मुक्कामाला बाटली — माझा अनुभव दांडगा! सह्या ठोकल्या. इतकी पानं कोण वाचतं!

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, परत चटक लागली तर नातीला तुमच्याकडे ठेवणार नाही." बोलेल ते करेल. आईवर गेलीय.

मंगळवार, ५ मार्च
कालची लगेच ओळखली. जागरणाचीच! छाती धडधडली, तोंडाचा पट्टा सुटला. जाड्या क्लीनरचे सगळे किस्से सिस्टरला ऐकवले. बिचारा जाड्या! असता तर पोट धरून हसला असता. सिस्टरचं एकच — "पुन्हा घ्यावीशी वाटते? शून्य ते शंभर." म्हटलं, चाळीस. वय झालं आता.

सोमवार, ११ मार्च
जीभ जड. झोपलो. वीस.

सोमवार, १८ मार्च
हीच ती नवी!

घेतली आणि थोड्या वेळात ही आली. लग्नानंतर पहिल्यांदा केबिनमध्ये बसली होती तशीच, पाय वर घेऊन. मला पेंग येऊ नये म्हणून मैलाचे दगड मोठ्याने वाचायची, तेही खोटे. शंभराचा दगड दिसला की, "साठ! आलंच घर!" मला कळायचं, तरी बरं वाटायचं. आज तिचा आवाजसुद्धा ऐकला. ती गेल्यावर बाटलीत किती शोधली तिला, तिथे कधी आली नाही. रडलो, हसलो.

सिस्टरला म्हटलं, "शंभर! उद्याही द्या." ती कसली ताकास तूर लागू देतेय!

मंगळवार, १९ मार्च
डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं, "हे औषध बाजारात आणू नका. माझ्यासारखे घरदार विकतील." खरंच सांगितलं. काल आणखी एका कॅप्सूलसाठी जीव नुसता तुटत होता. नातीचा फोटो पालथा घालून ठेवला होता मी.

सोमवार, २५ मार्च
चौथी. विशेष काही नाही. दहा.

शनिवार, ३० मार्च
कोणत्या सोमवारी काय दिलं, ते लिहिलेलं पाकीट बाईंनी फोडलं. नवं औषध चौथ्या कॅप्सूलमध्ये होतं. तिसरीत नुसती साखर!

म्हणजे ही आपली आपण आली होती. मी काहीही न घेता.