कॉलेजांची यादी आणि माझी सही

१२ मार्च
लॉच्या सीईटीचा फॉर्म भरला एकदाचा. नेकनूरच्या नेट कॅफेत तीन तास. साइट चालेना. दादा बाहेर गाडीवर बसून राहिला, एकदाही चल म्हणाला नाही. मध्येच एक पोरगा माझ्या आधी येऊन बसला तर दादानं आत येऊन त्याला कॉलर धरून खुर्चीवरून उचललं. पोरगा बाहेर जाऊन उभा राहिला. मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर लई बरं वाटलं.

फॉर्मचे पैसे दादानंच दिले. त्याचं शिक्षण बारावीत सुटलं, माझं सुटू नये म्हणतो. येताना म्हणाला, वकील हो, मंग माझ्या केसी फुकट लढ. दोन आहेत त्याच्यावर. मारामारीच्या.

कॉलेज कुठलं ते ठरेना. पुण्याचा विषयच नको. बीड: घरून बस, पास, डबा घरचा. संभाजीनगर: कॉलेज जुनं, चांगलं म्हणतात, पण खोली आणि मेस आली. लातूर: होस्टेल आहे असं ऐकलंय, विचारणार कुणाला. मुलींची फी माफ होते, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. म्हणजे प्रश्न फीचा नाही, राहण्या-खाण्याचा. आई-बप्पांना अजून सगळं सांगितलं नाही.

१३ मार्च
लिहू का नको. लिहिते.

पाचच्या सुमारास गच्चीवर वाचत होते. हरिबाची मेंढरं आमच्या चाऱ्याच्या घासात शिरली. हरिबा दरसाल या दिवसांत इकडं येणारा मेंढपाळ, साठीच्या पुढचा. बायको सखुबाई बरोबर असते. गेल्या साली बप्पांनीच बोलावून त्याची मेंढरं रानात बसवली होती, खतासाठी.

दादा आणि त्याचा दोस्त अंकुश विहिरीच्या मोटरीपाशी होते. दादा लोखंडी पाइप घेऊन गेला. हरिबा मेंढरं बाहेर काढतच होता. त्यानं हात जोडले. पहिला फटका गुडघ्यावर. तो खाली बसला. आता दादा थांबेल असं वाटलं. पाठीवर. हातावर. मग डोक्यात. अंकुश म्हणत होता, बास बे, मरंल त्यो. सखुबाई पळत आली आणि नवऱ्याच्या अंगावर पडली. पुढचा फटका तिच्या मनगटावर बसला. वाळलेली तुराटी मोडल्यासारखा आवाज गच्चीपर्यंत आला.

मी ओरडले नाही. हे पण लिहून ठेवते. तोंड उघडलं होतं, आवाज निघाला नाही.

दादानं वर बघितलं. म्हणाला, "खाली जा, चहा टाक."

गेले. टाकला.

१४ मार्च
पोलीस आले. हरिबाला बीडला सिव्हिलमध्ये नेलंय, शुद्धीवर नाही. बप्पांनी साहेबांना सांगितलं की पोरगा काल घरातच होता, बहिणीसंग मोबाईलवर कॉलेजांची यादी बघत होता. साहेबांनी मला विचारलं, खरंय का ताई. आई माझ्या मागं उभी होती. तिनं दंड धरला होता, नखं रुतली.

हो म्हणाले. कुठली कॉलेजं ते पण मी सांगितलं. बीड, संभाजीनगर, लातूर. त्यांनी लिहून घेतलं.

१६ मार्च
दादाला नेलं. सखुबाईनं नाव घेतलं त्याचं. अंकुश गावातून गायब. जीपमध्ये बसताना दादा मला म्हणाला, अभ्यास सोडू नको.

घास कापायला कुणी गेलं नाही. शेवटी मी गेले. एका जागी माती काळी पडलीय. तेवढं सोडून कापला.

२ एप्रिल
बीड. बप्पांबरोबर वकीलसाहेबांच्या ऑफिसात. जामिनासाठी माझं प्रतिज्ञापत्र पाहिजे. टाइप करून तयारच होतं. मी वाचत बसले तर वकीलसाहेब हसले. म्हणाले, वाचतीय बघा, होणार वकील.

"त्या दिवशी सायंकाळी चार ते सात माझा भाऊ माझ्यासोबत घरीच होता." सही केली. तीन ठिकाणी.

मग त्यांनी विचारलं, कॉलेज कुठलं टाकणार. मी म्हणाले ठरलं नाही. त्यावर ते बप्पांना म्हणाले की बीडच टाका, वरचा खर्च माझ्याकडं, पोरगी माझ्या ऑफिसात काम शिकंल आणि भावाच्या केसला पण डोळ्यासमोर राहील. बप्पांनी हात जोडले. हरिबासारखेच. मी उठून बाहेर आले.

म्हणजे बीड फुकट. यादीत सगळ्यात स्वस्त तेच.

११ एप्रिल
हरिबा गेला. सकाळी. एकोणतीस दिवस शुद्धीवर आलाच नाही. आता ही खुनाची केस.

आईनं स्वयंपाक केला, कुणी जेवलं नाही. बप्पा दिवसभर गोठ्यात. दुपारी दोन दगड आले गोठ्याच्या पत्र्यावर. कुणी टाकले दिसलं नाही. बप्पा कुऱ्हाड घेऊन दारात बसले. त्यांच्या हातात कुऱ्हाड मी लाकडं फोडतानाच पाहिली होती आजवर.

२० एप्रिल
पुस्तकात वाचलं. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा. शिक्षा पण लिहिलीय. तीनदा वाचलं. सीईटीला येऊ शकतो हा प्रश्न.

४ मे
सीईटी झाली. बीडलाच सेंटर. पेपर बरा गेला. नुसता बरा नाही, चांगला गेला. लाज वाटली तरी ते खरंय.

सुटल्यावर स्टँडवर सखुबाई. बाकड्यावर बसली होती, नेकनूरच्या गाडीची वाट बघत. हाताला प्लॅस्टर नव्हतं, पण मनगट वाकडंच जुळलंय, पंजा बाहेर गेल्यासारखा. मी वळणार होते, तिनं हाक मारली. शिव्या देईल वाटलं. तिनं सरकून जागा दिली. मी बसले नाही.

म्हणाली, "तू वर उभी व्हतीस. मी पायलं तुला."

ती म्हणाली, सायबाला मी सांगितलंय, वर पोरगी व्हती म्हणून. ते मला म्हणले, तुझ्याबिगर आसं कुणीच सांगत न्हाई.

गाडी लागली, ती गेली. मी पुढच्या गाडीनं आले. एक तास उभी होते, बाकडं रिकामं असून.

१५ जून
दादा सुटला. पोलिसांची चार्जशीट मुदतीत कोर्टात गेली नाही म्हणून जामीन मिळाला, वकीलसाहेबांचा फोन आला. गावाच्या फाट्यापासून गाड्या, गुलाल, फटाके. त्याला बोनेटवर बसवून आणलं. अंकुश पण आला कुठून तरी. हरिबाची बिरादरी पलीकडच्या माळावर उतरलेली, त्यांच्या पालांसमोर मुद्दाम दहा मिनिटं फटाके लावले. मेंढरं बिथरून चारी बाजूंना पळाली. एक कोकरू रस्त्यावर आलं आणि गाडीखाली गेलं. कुणी थांबलं नाही.

दादा घरात आला, आईच्या पाया पडला. वाळलाय. मला म्हणाला, पेपर कसा गेला गं. मला रडू आलं. त्याच्यासाठीच आलं.

२८ जून
निकाल. चांगले मार्क. यादीतल्या कुठल्याही कॉलेजला लागेल, पुणे सुद्धा. दादानं पेढे वाटले.

६ जुलै
ऑप्शन फॉर्म सुरू झाला. कॉलेजांची नावं पसंतीनं लावायची. माझ्या मोबाईलवरच भरला.
१. संभाजीनगर २. लातूर.
बीड टाकलं नाही. खाली सुद्धा नाही. खाली टाकलं तर लागू शकतं.

खर्चाचं काय ते ठरवलं नाही. संभाजीनगरला बीएची मैत्रीण आहे, झेरॉक्सच्या दुकानात काम बघते म्हणाली, खोलीत तिसरी म्हणून घेईल.

८ जुलै
डाव्या हाताची करंगळी मोडली. उजव्यानं लिहितेय.

वकीलसाहेबांना फॉर्मची प्रिंट पाहिजे होती, दादानं कॅफेतून काढून आणली, पासवर्ड मालकाकडं मार्चपासूनच होता. बीडचं नाव नाही बघून आधी शांतच होता. म्हणाला, चुकलं आसंल, चल बदलून येऊ, आज पाचपर्यंत टाइम हाय. गाडीवर बसवून नेकनूरला. तोच कॅफे. मालकानं पान उघडलं. बदलायला माझ्या मोबाईलवर ओटीपी येतो. आला.

दादा म्हणाला, सांग नंबर. मी म्हणाले मला संभाजीनगरच पाहिजे. त्यानं सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. दुसरी दिली तेव्हा खुर्चीवरून पडले. सात-आठ पोरं होती आत. एकानं सुद्धा मान वर केली नाही. मालकानं स्क्रीन भिंतीकडं फिरवली.

मोबाईल हिसकावला पण लॉक होता. मग बाकड्यावर माझा हात धरला, करंगळी मागं वाकवायला लागला. सावकाश. वाकवता वाकवता बोलत होता, रडत पण होता. तू लांब गेलीस की हरिबाकडची मानसं बोलतेत तुझ्याशी. मला समदं कळतंय. कावून करायलीस आसं. मी का बाहेरचा हाय.

"नंबर सांग."

सहा आकडे. मला पाठ होते. बोलले नाही.

मोडली तेव्हा तोच आधी दचकला. मग त्यानंच दवाखान्यात नेलं, दोन हातांत माझा हात घेऊन बसला. डॉक्टरांनी विचारलं कशानं. दादा म्हणाला दारात सापडली. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले.

मी हो म्हणाले.

पाच वाजून गेले होते.

९ जुलै
आईनं हळद-दूध दिलं. म्हणाली, द्यायचा व्हता की नंबर. तुझा भाऊ हाय त्यो. कुनी परका मारत व्हता का. हे तिनं चिडून नाही, समजावून सांगितलं. ते जास्त लागलं.

दादा घरात बोलत नाही. अंगणात अंकुशला विनाकारण बेल्टनं मारलं. अंकुश मार खाऊन तिथंच बसून राहिला, नंतर दोघं एकाच ताटात जेवले.

१८ जुलै
बप्पा सकाळी न सांगता तहसीलला गेलते. दुपारी आले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. तीन हेलपाटे झाले म्हणे, मला पत्ताच नाही. दादा मोटरीवर होता. बप्पांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं,

"संभाजीनगरला चालतंय ना हे?"

मी चालतंय म्हणाले. ते बैलाला पाणी दाखवायला गेले. पोलिसांपुढं ती गोष्ट पहिल्यांदा यांनीच सांगितली होती. मला या माणसाचं काही कळत नाही.

१ ऑगस्ट
लागलं. संभाजीनगर. पहिल्या यादीत.

दादाला मीच सांगितलं. तो जेवत होता. ताट भिंतीवर आपटलं, भाजी आईच्या तोंडावर उडाली, गरम होती. आई डोळे मिटून तशीच बसली. दादा उठला, तांब्यातलं पाणी घेऊन तिचं तोंड धुवायला लागला. धुता धुता मला म्हणाला, जा. पर तारखेला बोलावलं की यायचं. लिव्हलंय तेच बोलायचं.

१९ ऑगस्ट
संभाजीनगर. खोलीत आम्ही तिघी. सकाळी कॉलेज, दुपारी झेरॉक्सचं दुकान, मेस एकवेळ. करंगळी पूर्ण मिटत नाही. दुकानात कागद सरळ करताना आड येते.

आज वर्गात सर विचारत होते, लॉ कावून घेतलं. असंच नाही म्हणाले ते, शुद्ध बोलतात. माझ्या डोक्यात आपलं कावून. मुली सांगत होत्या न्याय, समाज, वडिलांचं स्वप्न. माझा नंबर येण्याआधी तास संपला.

५ सप्टेंबर
केस बघणाऱ्या साहेबांना फोन लावला. दुकानाच्या मागं उभी राहून. सांगितलं की माझा पहिला जबाब खरा नाही, मी गच्चीवर होते. ते म्हणाले, मॅजिस्ट्रेटपुढं सांगावं लागेल, बीडला या. प्रतिज्ञापत्राचं तुमच्यावर शेकू शकतं, माहीत आहे ना. मी म्हणाले, माहीत आहे. मंगळवारी अकरा वाजता.

दिवसभर झेरॉक्स काढल्या. कुणाच्या तरी लग्नाच्या याद्या होत्या.

७ सप्टेंबर
दादाचा फोन. गणपतीला आली नाहीस, आई आठवण काढती. मी म्हणाले मंगळवारी बीडला काम आहे, कॉलेजचे कागद. म्हणाला, स्टँडवर येतो घ्यायला, कितीची गाडी.

कामाचं खोटं सांगितलं, वेळेचं पण सांगायचं ठरवलं होतं. साहेबांना, वकिलाला, डॉक्टरला सांगितलं. दादाला दुसऱ्यांदा नाही सांगता आलं. दहाला पोचते म्हणाले. खरीच वेळ.

९ सप्टेंबर
बसमध्ये. अक्षर हलतंय. गेवराई गेली, गढी गेली. शेजारची बाई विचारत होती परीक्षा आहे का.

दादाचा मेसेज: स्टँडवर हाय. एकटाच आलोय.

एकटाच, असं मी विचारलं नव्हतं. चांगल्या अर्थानं लिहिलंय का कसं, चार वेळा वाचलं. त्याचा आवाज लावून वाचून बघितलं. दोन्ही आवाज बसतात त्याला.

कंडक्टरला विचारलं, स्टँडच्या अलीकडं थांबेल का. म्हणाला, थांबत न्हाई ताई. चौकात गाडी हळू व्हती, तवा उतरायचं तर उतरा.

बीडच्या पाट्या दिसायला लागल्या. आता वही पिशवीत टाकते आणि दारापाशी जाऊन उभी राहते. दादाला अजून उत्तर दिलं नाही.