बाबांची गाडी आणि समोरचं कुंपण

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या वेळी 'साष्टांग' शब्दशः घे. गेले चार दिवस मी बराचसा वेळ गाडीखाली पालथाच आहे.) तुझी पाठ कशी आहे? दाजींनी मीठ कमी केलं की फक्त तुझ्यासमोर कमी केलं? इकडे आम्ही तिघेही बरे आहोत. आईचं गुडघ्याबद्दल आणि बाबांचं आईबद्दल गाऱ्हाणं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

बाबांच्या डोळ्यांचं तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया सांगितली आहे, एकामागून एक, आणि त्यानंतरही वर्षभर गाडी चालवायची नाही असं बजावलंय. पुढचं पुढे बघू म्हणाल्या. बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पार्किंगमध्ये येऊन चालकाच्या दाराचं कुलूप उघडू लागले. शेवटी रिक्षाने आलो. गाडी दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने घरी आणून सोडली, कारण मला चालवता येत नाही हे जगजाहीर आहे. (एकोणिसाव्या वर्षी बाबांनी मला शिकवायला घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. त्या खांबाचा विषय आपल्या घरात अजून निघत नाही.)

गाडी विकायचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. म्हणून आईने तोड काढली, की गाडी वर्षभरासाठी नीट झाकून ठेवू. 'ठेवू' या शब्दावर बाबा तयार झाले. मग सुरू झाली तयारी. मला वाटलं होतं, कव्हर टाकलं की झालं. पण मेकॅनिक म्हणाला की नुसती उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. (हे ऐकून आईने बाबांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती गाडीबद्दल नव्हती.) त्याने ऑइल बदललं, टाकी काठोकाठ भरून आणली म्हणजे आत गंज धरायला नको, बॅटरी काढली आणि ती अधूनमधून चार्ज करायला घरात ठेवायला सांगितली. ती आता जेवणाच्या खोलीत लाकडी स्टुलावर आहे. आई तिला 'पाहुणी' म्हणते. उरलेली कामं त्याने एका कागदावर लिहून दिली आणि तो गेला.

धुणं आणि मेण लावणं यात दोन दिवस गेले. बाबा खुर्ची टाकून भिंगातून एकेक दार तपासत होते. जिथे डाग नव्हता तिथे त्यांना दिसायचा आणि जिथे होता तो मी सांगायचो नाही. मग पायाच्या पंपाने चारी चाकांत नेहमीपेक्षा जास्त हवा भरली. एका जागी उभं राहून टायर चपटे होतात म्हणे. माझा मात्र पाय सुजला.

आता मुख्य गोष्ट. कागदावर लिहिलं होतं: हँडब्रेक सोडा, नाहीतर ब्रेक चिकटतील. आणि त्याच्या खालच्या ओळीत: चाकांना विटा लावा. मी सव्वीस वर्षं दफ्तरखान्यात नोकरी केलेला माणूस. कागदावर जे वर आहे ते आधी, हे माझ्या हाडात भिनलेलं. बाबा 'शेवटचं एकदा' म्हणून चालकाच्या जागी दार लावून बसले होते. मी बाहेरून खूण केली, त्यांनी हँडब्रेक सोडला आणि मी विटा आणायला वळलो.

गॅरेजच्या फरशीला पाणी बाहेर जावं म्हणून उतार आहे, हे तुला आठवत असेल. मी दोन हातांत दोन विटा घेऊन फिरलो तर गाडी मागे मागे निघालेली. वेग असा, की मी शेजारून चालत जाऊ शकत होतो आणि तसाच चालत गेलो. बॅटरी नाही, त्यामुळे हॉर्न वाजेना आणि काचही खाली होईना. आत बाबा आरशात बघत, स्टिअरिंग धरून, अगदी ऐटीत. मी काचेवर विटेने टकटक केली. त्यांनी हाताने मला बाजूला हो म्हटलं. असे आम्ही फाटकातून बाहेर पडलो, रस्ता ओलांडला आणि समोरच्या शिवणक्लासवाल्या बाईंच्या कुंपणाच्या झुडपात जाऊन थांबलो.

बाई गळ्यात टेप घालून बाहेर आल्या. त्यांच्यामागे क्लासच्या पाच मुली. आई दारात आली आणि एवढंच म्हणाली, "एवढी धुतली होती."

मी दार उघडलं. वाटलं, आता फरशीच्या उतारापासून माझ्या जन्मापर्यंत सगळं निघणार. पण बाबा तसेच बसून होते.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"मग ब्रेक का नाही दाबलात?"

ते आरशाकडेच बघत होते. मग हळू म्हणाले, "मला कुंपण दिसलंच नाही रे. रस्ता मोकळा दिसत होता."

ताई, विटा हातातच होत्या.

शेवटी बाई, पाच मुली आणि मी, असं मिळून गाडी ढकलत परत आणली. मुली खूश होत्या, तेवढीच काजांतून सुटका. विटा लावल्या, सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून कापड कोंबलं, कव्हर ओढलं. कव्हराचा शेवटचा कोपरा बाबांनी स्वतः नीट केला. मग चावी काढून माझ्या शर्टाच्या खिशात टाकली, आणि उशीखाली दुसरी आहे तीही घे, म्हणाले. ती असल्याचं आम्हाला माहीत नव्हतं.

तर गाडी आता वर्षभर निश्चिंत आहे. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. सायलेन्सरमध्ये कोंबलेलं कापड म्हणजे तू विसरून गेलेली निळी शाल. मला ती जुनी वाटली. आईने ओळखली, पण उशिरा.

ता.क. २. खरं म्हणजे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. मला गाडी शिकायची आहे. बाबांकडूनच. मी विचारलं तर नाही म्हणतील, तुझं ऐकतात. तू फोनवर सहज विषय काढ. मी सांगितलं असं म्हणू नकोस. ते होय म्हणाले, तर वर लिहिलेलं सगळं मी आनंदाने उलटं करीन.

ता.क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून हे. आज संध्याकाळी गॅरेजमध्ये गेलो तर कव्हर अर्धं वर केलेलं आणि बाबा गाडीत बसलेले, चालकाच्या शेजारच्या सीटवर. काय करताय, विचारलं. म्हणाले, इथून कसं दिसतं ते बघतोय. मी फिरून दुसऱ्या दाराने चालकाच्या जागी जाऊन बसलो. पाय लांब करून ब्रेक चाचपून पाहिला. मग म्हणाले, "सीट पुढे घे. पाय पोचत नाहीयेत तुझे."