तुझ्या टॅब्लेटचं नवं अस्तर

चिरंजीव धाकट्यास,

(तुझी पासष्टी आली, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी धाकटा तो धाकटाच; तेव्हा ताईचा आशीर्वाद मुकाट्याने घे.)

तुझ्या उजव्या गुडघ्याचं कसं आहे? तीस वर्षं धावत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलीस तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही, आणि आता खुर्चीत बसवल्यावर कुरकुरतो, म्हणजे त्याला बसायची सवय नाही इतकंच. रोज थोडा उभा राहत जा. स्वयंपाकघरात राहिलास तर माझ्या भावजयीलाही हातभार लागेल. तिचा खोकला थांबला का? सूनबाईंची दाढ काढली की अजून 'बघू, बघू' चाललंय? नातीचा पाय प्लास्टरमधून निघाला असेल, आता तिला झाडावर चढू देऊ नका, आणि चढलीच तर निदान दुसऱ्या झाडावर चढू दे. मांजरीला पिल्लं किती झाली ते नीट आकड्यात लिही. मागच्या पत्रात 'बरीच' लिहिलं होतंस. कंडक्टरकी केलेल्या माणसाने तरी मोजावं. इकडे हे ठीक आहेत. ऐकू कमी येतं म्हणतात, पण मी शेजारच्या खोलीत पुटपुटलेलं सगळं ऐकू येतं.

आता तुझा प्रश्न. गेल्या तीन आठवड्यांत तू पाच फोन केलेस आणि पाचही वेळा एकच विचारलंस: टॅब्लेटचं काय झालं, आणि माझं लिखाण सुखरूप आहे ना? मी उत्तर दिलं नाही, कारण फोनवर तू मधे बोलतोस. पत्रात मधे बोलता येत नाही, ही पत्राची फार मोठी सोय. तर ऐक: दोनशे बारा पानांचं तुझं आत्मचरित्र, जे तू अडीच वर्षं एका बोटाने टिपलंस आणि ज्याची दुसरी प्रत जगात नव्हती, ते सुखरूप आहे. अक्षर न् अक्षर. छापून हातात येईपर्यंत ते कुणाच्या, विशेषतः घरच्यांच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही ही तुझी अटही माझ्या लक्षात आहे. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तू म्हणशील, टॅब्लेट नुसता बघायला दिला होता. खरं आहे. "ताई, जरा बघ गं, फार हळू चालतो," असं म्हणालास आणि मी बघितला. एक पान उघडायला त्याला जेवढा वेळ लागे तेवढ्यात माझं एक काज करून होई. तुझा दुकानदार म्हणाला होता ना, की कंपनीने याला नवीन काही द्यायचं चार वर्षांपूर्वीच बंद केलंय, फेका आणि नवा घ्या? ते मला पटेना. काच धड, बॅटरी धड, कडा शाबूत. एकोणचाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण अस्तर विरलं म्हणून कोट फेका असं सांगणारा शिंपी मला अजून भेटायचाय. अस्तर बदलायचं असतं. टॅब्लेटच्या आतही असंच एक अस्तर असतं, बाकी सगळं त्यावर बसवलेलं. कंपनीने घातलेलं उसवून दुसरं घालता येतं, आणि जगभरातली हौशी माणसं अशी अस्तरं घरी बसून तयार करतात आणि फुकट वाटतात. त्याला रॉम म्हणतात. (हे म्हणाले, "फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार." चाळीस वर्षं माझ्या हातचं फुकट जेवणारा माणूस हे बोलतो.)

मग मी पंधरा दिवस वाचत बसले. शिकवायला कुणी नव्हतं, पण शिवण तरी मला कुणी शिकवलं? वडिलांची विजार उसवून पुन्हा शिवली तेव्हा कळलं आत काय असतं ते. (विजार नंतर त्यांच्या अंगात गेली नाही, पण त्याच महिन्यात त्यांचं वजन वाढलं होतं, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे.) रॉम निवडणं म्हणजे कापडाच्या दुकानात शिरण्यासारखं, हात लावावा ते बरं वाटतं आणि घरी आणल्यावर कळतं. एक होतं नुसत्या झालरींचं. बोट लावलं की चित्रं गिरक्या घेणार, पान बंद करावं तर ते लाजत लाजत कोपऱ्यात जाणार. तुला ते दोन दिवस आवडलं असतं आणि तिसऱ्या दिवशी घेरी आली असती. दुसऱ्याच्या वर्णनात लिहिलं होतं, 'अतिशय हलकं, सगळं चालतं', आणि खाली बारीक अक्षरात, 'आवाज, कॅमेरा आणि चार्जिंग सोडून'. म्हणजे सदरा झकास, फक्त बाह्या, गळा आणि पुढची बाजू तेवढी नाही. तिसरं भलतंच संशयी. दर गोष्टीला विचारणार, परवानगी आहे का, नक्की ना, आजच्यापुरती की कायमची? घड्याळ बघायलासुद्धा परवानगी. मी ते यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "हे आपल्या घरात आधीपासूनच बसवलेलं आहे." ऐकू कमी येतं म्हणतात ते हेच.

चौथं मात्र बघताक्षणी मनात भरलं. करणाऱ्याने स्वतःचं नाव 'कासव' ठेवलेलं. कुठे राहतो, काय करतो, पत्ता नाही. झालर नाही, बढाई नाही, साधी सरळ शिलाई. आणि पानाच्या माथ्यावर पहिला नियम: 'पुढचं कधी मिळेल असं विचारू नये.' धाकट्या, मला गहिवरून आलं. माझ्या दुकानात एकतीस वर्षं कोणती पाटी होती, आठवतंय ना? 'कपडे कधी मिळतील हे विचारू नये. विचारल्यास आणखी आठ दिवस लागतील.' ज्या माणसाला आपल्या कामाची किंमत कळते तोच असं लिहितो. मी ठरवून टाकलं, धाकट्याला कासवाचंच अस्तर घालायचं.

उसवण्याआधी तुझं लिखाण बाहेर काढलं. दोनदा माप, एकदा कात्री, हा माझा नियम. एक प्रत कार्डावर, एक यांच्या कॉम्प्युटरवर. प्रत नीट उतरली का हे बघायला पहिली ओळ वाचली. एका ओळीवरून काय कळणार म्हणून पहिलं पान वाचलं. मग दोनशे अकरा राहिली होती, तीही वाचली. (तपासणी अर्धवट ठेवू नये.) बरं लिहिलंयस हो. नोकरीच्या पहिल्या दिवशी तू शेवटच्या थांब्यावर झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवायचं विसरलास आणि तो डेपोत रात्रभर गाडीतच घोरत पडला, ते वाचून मी इतकी हसले की सुई हातातून निसटली. अजून सापडलेली नाही. येशील तेव्हा चप्पल घालून फिर.

आता चूक. चूक झाली हे मी कबूल करते, दुकानात कधी केलं नव्हतं. कासवाचं अस्तर ज्या टॅब्लेटसाठी होतं त्याच्या आणि तुझ्या टॅब्लेटच्या नंबरात शेवटचं एक अक्षर वेगळं होतं. 'नंबर तपासून घ्या' असं त्याने पहिल्याच ओळीत लिहिलेलं. मी तपासला. अक्षर वेगळं आहे हे मला दिसलं. पण मी म्हटलं, एका अक्षराचा फरक म्हणजे एका बोटाचा फरक, शिवणीत तेवढं कापड असतंच, अंगाला लागलं तर सोडू. शिवणीत सोडता येतं. यंत्रात सोडायला कापड नसतं, हे मला या वयात कळलं.

अस्तर बसलं. टॅब्लेट हरणासारखा पळू लागला. फक्त स्पर्श उलटा. डावीकडे बोट ठेवलं की उजवीकडचं उघडणार, उजवीकडे ठेवलं की डावीकडचं. हे म्हणाले, "आता भावाला काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, सांगते काय, आरसा आहे. माप देणाऱ्यांसाठीचा मोठा आरसा अजून दुकानात उभा आहे, त्याच्यासमोर टॅब्लेट धरला, आरशात बघत बोट चालवलं, तर सगळं सुतासारखं सरळ. जन्मभर कापडाची उलटी बाजू बघत शिवणाऱ्या बाईला उलट्याचं काय कौतुक? आठ दिवस मी तो तसाच वापरला. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ही आता आरशातल्या बाईशी पत्रव्यवहार करते.

पण तुझ्या घरी एवढा आरसा नाही, म्हणून शेवटी कासवाला लिहिलं. झालं ते सगळं लिहिलं, आरशासकट. त्याने कोरडं उत्तर दिलं की तुमचं मॉडेल वेगळं आहे, पहिली ओळ वाचा. मी लिहिलं, वाचली होती, म्हणूनच माफी मागते. आणि मग, धाकट्या, माझ्या हातून ते लिहिलं गेलं: 'आमच्या मॉडेलसाठी कधी मिळेल?' उत्तर आलं, 'विचारल्यामुळे आणखी आठ दिवस लागतील.' माझीच पाटी मला. दुकानात येऊन माझ्यासमोर रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या सगळ्या माणसांची मी त्या दिवशी मनोमन माफी मागितली. (सगळ्यांची नाही. त्या बँकेतल्या साहेबांची नाही.)

नवव्या दिवशी खास तुझ्या मॉडेलचं अस्तर आलं. बदलांच्या यादीत शेवटी एक ओळ होती: 'आरशातल्या आजींसाठी स्पर्शाची दिशा सुधारली.' ती ओळ मी यांना दोनदा वाचून दाखवली. आजी कशाला म्हटलं कळत नाही, पण असो. आता टॅब्लेट नव्यासारखा झालाय. चालू करताना पाच सेकंद काळ्या पडद्यावर 'या यंत्रावर विश्वास ठेवू नये' अशी सूचना येते, कंपनीचं कुलूप उघडल्याचा तो राग आहे, मनाला लावून घेऊ नकोस. आवाज फक्त डाव्या बाजूने येतो. तुझाही डावाच कान बरा आहे. पुढच्या आठवड्यात पार्सल टाकते.

सगळ्यांना आठवण सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
ताई

ता. क. वर मी लिखाण 'सुखरूप आहे' असं लिहिलंय. कुणाच्या दृष्टीस पडलं नाही असं कुठेही लिहिलेलं नाही, हवं तर पत्र पुन्हा वाचून बघ. त्या आठ दिवसांत एकदा, लिखाण नव्या अस्तरावर उघडतं का ते पाहायला मी माझं खातं घालून ते उघडलं होतं. उघडताच 'ग्रुपवर पाठवायचं का?' असं त्याने आपणहून विचारलं. 'रद्द' आणि 'पाठवा' शेजारी शेजारी होते आणि मी नेमकी त्या वेळी आरशाकडे न बघता दाराकडे बघत होते. ते कुटुंबाच्या ग्रुपवर गेलं. तेवीस जणांना. तुझा फोन बटणांचा, म्हणून तुला कळलं नाही. परत घ्यायला गेले तर तिथेही 'हो' आणि 'नको' उलटे. पण काळजी करू नकोस. पहिल्याच मिनिटात नऊ जणांनी अंगठे दाखवले, दोघांनी हात जोडले आणि मावसभावाने तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. दोनशे बारा पानं एका मिनिटात. म्हणजे कुणी उघडलंसुद्धा नाही.

आणखी ता. क. एकीने उघडलंय. दुपारी तू झोपलास की माझी भावजय रोज बारा पानं वाचते आणि मला फोन करते. तुला सांगत नाही, कारण तू लपवलंस म्हणून तीही लपवते. ब्याण्णवाव्या पानावर तू तिच्याबद्दल जे लिहिलंयस ते तिने तीनदा वाचलं आणि मला विचारलं, "वन्सं, हे खरंच यांनीच लिहिलंय, की मधे तुम्ही काही शिवलंत?" मी काही शिवलेलं नाही. चौतीस वर्षांत हे एकदा तोंडाने बोलला असतास तर काय जीभ झिजली असती? आता ती इतकी आनंदात आहे की मला एकशे एकाहत्तरावं पान डोळ्यांपुढे दिसतं. जिथे तू लिहिलंयस की तिने विणलेली लोकरी टोपी तू बसमध्ये मुद्दाम विसरलास, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा प्रामाणिक प्रवाशांनी ती परत आणून दिल्यामुळे माणुसकीवरचा तुझा विश्वास उडाला.

शेवटचं ता. क., आणि हेच मुख्य. एकशे एकाहत्तरावं पान मी उसवून पुन्हा शिवलंय. त्यात टोपी खरोखरच हरवते आणि तू सगळा डेपो पालथा घालतोस. 'जुन्या प्रतीत दोष होते, ही सुधारलेली' असं सांगून भावजयीला पाठवते, कासव पाठवतो तशीच. पण तुझ्या कापडाला विचारल्यावाचून कात्री लावायची नाही असं ठरवलंय (एकदा लावली तेवढी पुरे). परवानगी दे. आणि हात घातलाच आहे तर अडतिसावं पानही दुरुस्त करायला सांग, जिथे मी शिवलेल्या तुझ्या पहिल्या गणवेशाचा एक पाय आखूड होता असं लिहिलंयस. दोन्ही पाय सारखे होते. तू वाकडा उभा होतास. परवानगी दोन्ही पानांची एकदम लागेल, सुटी घेतली जाणार नाही. फोन करू नकोस, ती शेजारी असते. म्हणूनच या पाकिटावर 'शिलाई मशीनच्या सुट्या भागांची यादी' असं लिहिलंय. आज ती एकशे तेविसाव्या पानावर आहे. पत्र पोचायला दोन दिवस, उत्तर यायला दोन. रोज बाराच्या हिशोबाने जेमतेम जमेल, पण पत्र हातात पडल्या पडल्या दोन ओळी लिहून टाक. काल तिने अठरा वाचली.