चौथी पिन

दि. ९ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळचा चहा व्हायच्या आत

ती. वहिनींना,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. आईनं शनिवारच्या विमानासाठी नवी चप्पल आणली आहे आणि ती घालून घरात चालायचा सराव चालू आहे. तुमच्या कारखान्यानं पहिल्या उड्डाणात घरच्यांना बसवायचं ठरवल्यापासून शेजारणींशी ती वरच्या पट्टीतच बोलते. दादानं फोन करून खिडकी आपली म्हणून सांगून ठेवलं आहे.

आमच्या वर्कशॉपात नवीन काही नाही. पंखा तसाच. एकवर फिरत नाही आणि दोनवर टेबलावरचे कागद उधळतो. साहेबांकडे पेपरवेट मागून मागून थकले.

सहज विचारते, त्या विमानाचं सामानाचं दार कुणी बघितलं का? म्हणजे, उघडून?

काल तुम्हाला दोनदा फोन केला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. तुम्ही म्हणालातही, "आज इतकं गोड का बोलतेस गं? बरं नाही का?" जीभ रेटेना, वहिनी. शिवाय तोंडी सांगितलं असतं तर तुमचे साहेब म्हणाले असते, कागद कुठाय? म्हणून हा कागद.

ऑगस्टमध्ये आम्ही तुमच्याकडे दाराच्या लॉक पिनांचा खोका पाठवला. चार पिना. मापं घेऊन शिक्का मारायचं काम माझं. मापं घेतली, शिक्का मारला आणि तेवढ्यात पंख्यानं कागद उडवले. हाताशी एक पिन होती, वीतभर लांब, चांगली जड. म्हटलं, दोन मिनिटं ठेवू कागदांवर. तिथंच राहिली. खोका बंद करणाऱ्यानं माझा शिक्का बघितला, खोक्यात नाही बघितलं. तुमच्याकडे खोका उतरवणाऱ्यानं आमचा कागद बघितला. आणि मी घडी घातलेली चादर पुन्हा उलगडून बघणाऱ्या तुम्ही, त्याखाली सही केलीत: 'चार मोजल्या, चारही बरोबर.' बसवणाऱ्यानंही मग चार बसवल्या. कागदावर.

काल तो कागद आमच्याकडे परत आला. उडू नये म्हणून मी त्यावर पिन ठेवली, तर कागदावरचा शेवटचा क्रमांक आणि पिनेवर कोरलेला क्रमांक एकच! म्हणजे या पिनबाई विमानातही बसल्या होत्या आणि माझ्या टेबलावरही.

साहेबांकडे धावले. त्यांनी कागद पाहिला, पिन पाहिली, चष्मा पुसून पुन्हा कागद पाहिला.

"कागद तर चोख आहे," ते म्हणाले. "मग पिनच चुकली असणार."

"साहेब, पिन कशी चुकेल?"

"नंबर घासून टाक आणि गप्प बस. तुझीही नोकरी राहील आणि वहिनीचीही."

खोटं कशाला बोलू, कानस हातात घेतली होती. तुमच्या शब्दावर मला ही नोकरी लागली आणि माझ्यामुळे तुमचीच जायची, हे डोक्यातून जाईना. मग आईची चप्पल आठवली. कानस जागेवर ठेवून दिली.

हे पत्र तुमच्या साहेबांपुढे ठेवा. ते दार उघडून बघेपर्यंत विमान जागचं हलू देऊ नका. माझं नाव बिनधास्त पुढे करा. तुमची सही निघेल, चौकशी होईल, तुम्ही मला आयुष्यभर टोमणे माराल. मारा. टोमणे मारायला तुम्ही हव्या आहात मला. इतकं कधी बोलले नव्हते, आज घाबरले आहे म्हणून बोलते.

आईला कसं सांगायचं ते मी बघते. चप्पल जमिनीवरही चालते.

आमच्या गाडीवाल्या काकांच्या हाती पाकीट देते आहे. पिन उचलल्यापासून टेबलावरचे कागद खोलीभर उडताहेत. उडू देत. विमान तेवढं नको.

तुमची, तुमच्या मते धांदरट आणि आज तरी कबूल असलेली,
नणंद

सोबत: पिन, एक. नुसतं वाचून सही करू नका, वहिनी. पाकिटात हात घालून बघा.